ओगोवे नदीच्या कांठचा दुष्काळ
(साहाय्यक मंडळाच्या सभेपुढें झालेलें भाषण)



मंडळाचा जमाखर्च आपणांपुढें ठेवण्यापूर्वीं आम्ही एका परक्या मुलुखाची हकीकत सांगण्याची परवानगी मागतों. ती स्वदेश सोडून दूरच्या अरण्यांत राहिलेल्या एका मिशनरी वैद्याची आहे. दुष्काळ म्हटला कीं आपणांस भेगाळलेली जमीन आणि चार्‍यावांचून हंबरणारीं जनावरें आठवतात. आम्ही ज्या दुष्काळाविषयीं बोलणार आहों तो बारमाही वाहणार्‍या नदीच्या कांठीं, हिरव्यागार झाडींत, आणि पाऊस नको तेव्हां पडल्यामुळें आला.

डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म १८७५ सालीं आल्सास प्रांतीं झाला. तिशीच्या आंतच ते स्ट्रासबुर्ग येथें धर्मशास्त्राचे अध्यापक व नामांकित ऑर्गनवादक झाले होते. असें सर्व अनुकूल असतां त्यांनीं १९०५ सालीं वैद्यकीचा अभ्यास आरंभिला, आणि १९१३ च्या एप्रिलांत पत्नी हेलेन यांजसह ते आफ्रिकेच्या पश्चिम भागीं, विषुववृत्तानजीक, तेव्हां फ्रेंचांच्या ताब्यांत असलेल्या गाबोन मुलुखांत ओगोवे नदीवरील लांबारेने येथें उतरले. पॅरिसच्या मिशन संस्थेस त्यांचीं धर्ममतें पसंत नव्हतीं. म्हणून केवळ वैद्यकी करीन, उपदेश करणार नाहीं, या बोलीवर त्यांस तेथें जागा मिळाली. पुढें तेथल्या मिशनरी बंधूंनींच ती बोली सैल केली, हें सांगण्यास आनंद वाटतो.

त्यांनीं खर्चाची तजवीज कशी केली तें येथील व्यापारी मंडळींस ऐकण्याजोगें आहे. मिशनवर भार न घालतां त्यांनीं इष्टमित्रांचे उंबरठे झिजविले, ऑर्गनच्या मैफली केल्या, आणि दवाखाना चालण्यापुरती बेगमी हातीं आल्यावरच गलबतावर पाय ठेविला. बरोबर सुमारें ७० पेट्या सामान होतें. युरोपांत युद्ध पेटेल असा त्यांचा तर्क असल्यामुळें त्यांनीं २,००० मार्क नोटांत न घेतां सोन्याच्या नाण्यांत घेतले. पुढल्याच वर्षीं तो तर्क खरा ठरला. धर्मोपदेशकाच्या अंगीं इतकी सराफी असावी याचें आम्हांस कौतुक वाटतें.

पहिली तपासणीची खोली म्हणजे चुना मारून साफ केलेलें कोंबड्यांचें खुराडें. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारें दोन हजार रोगी तेथें आले. दुभाष्या जोसेफ हा पूर्वीं गोर्‍या लोकांकडे स्वयंपाकी होता. रोग्याचें कोठें दुखतें हें तो खाटकाच्या दुकानांतील मांसाच्या तुकड्यांचीं नांवें घेऊन सांगे. रोगी कधीं एकटा येत नसे. दोन दोन, तीन तीनशें किलोमीटरांवरूनही लोक होडींतून येत, आणि सोबतचीं माणसें तेथेंच चूल मांडून रोग्यास रांधून घालीत. अशा रीतीनें दवाखान्याचें एक खेडेंच होऊन गेलें. औषधाबद्दल शक्ति असेल त्यानें अंडीं, केळीं किंवा पैसा द्यावा असा डॉक्टरांचा आग्रह असे. मध्यंतरीं महायुद्धांत जर्मन प्रजानन म्हणून त्या उभयतांस नजरकैद घडली व १९१७ सालीं त्यांस युरोपांत नेण्यांत आलें. १९२४ सालीं डॉक्टर परतले तों छपरें कुजून गेलेलीं होतीं. तीं दुरुस्त होत आहेत तोंच १९२५ साल उजाडलें.

आतां येथील जमीनदार मंडळींनीं लक्ष द्यावें. त्या मुलुखांत आपल्यासारखें पेंव नाहीं, बळद नाहीं. केळें व मॅनिऑक नांवाचा कंद हेंच लोकांचें अन्न, आणि तें सांठवून टिकत नाहीं; शेत हेंच कोठार. शेतही आपल्या कोंकणांतील कुमरीसारखें. कोरड्या महिन्यांत झाडें तोडावीं, तीं जाळावीं, व राखेंत लागवड करावी. त्या वर्षीं कोरडे दिवस कोरडे राहिलेच नाहींत. तोडलेलें रान जळेना, म्हणून लागवड झाली नाहीं. नवी केळ घड देण्यास वर्षभर तरी घेते, तेव्हां एक हंगाम चुकला कीं पुढलें सारें वर्ष रिकामें.

परंतु सारा दोष पावसाच्या माथीं मारणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. ओकूमे नांवाच्या झाडाच्या लांकडास युरोपांत मोठी मागणी होती. त्या व्यापारानें गांवोगांवचे धडधाकट पुरुष ओंडके तोडण्यास ओढले गेले, आणि आंतल्या मुलुखांतूनही मजूर आणले गेले. मजुरी रोख मिळे. शेत मात्र बायकापोरांवर पडे किंवा पडीक राही. अन्न मग परदेशाहून जहाजानें येणारा तांदूळ! जहाज लांबलें कीं पैसा कनवटीस असूनही चूल थंड. व्यापार वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. या सभेंत तें शोभणारही नाहीं. पण ज्या व्यापारानें शेतकरी शेतावरून उठतो, त्यानें त्याच्या ताटाची तरतूद करावी एवढें मागणें अवास्तव नव्हे.

श्वाइट्झर त्या लोकांतच राहात होते म्हणून संकटाची चाहूल त्यांस वेळेवर लागली. तांदूळ मिळत होता तोंवर त्यांनीं तो भरून ठेविला. भुकेचा बोभाटा युरोपांत पोंचून वर्गणी येईतों वाट पाहिली असती तर तो कोणत्याही भावानें मिळाला नसता. त्यांत रक्तातिसाराची सांथ आली. उपाशी मजूर, ज्यांची भाषा तेथें कोणास कळेना, दवाखान्याच्या धक्क्यावर आणून सोडले जात. परक्या जातीच्या प्रेतास हात लावण्यास लोक धजत नसत. तेव्हां खड्डा खणण्याचें व प्रेत वाहण्याचें काम कित्येकदां मिशनर्‍यांवर व डॉक्टरांवरच येई.

त्यांचेविषयीं उणेंही सांगितलें पाहिजे. तेथील लोकांस ते धाकटे भाऊ समजत, बरोबरीचे नव्हे. या वडीलकीच्या थाटाबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती आम्हांस योग्य वाटते. तथापि १९६५ सालीं नव्वदाव्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला तो तेथेंच, व मूठमातीही तेथेंच मिळाली. तत्पूर्वीं १९६० सालीं गाबोन स्वतंत्र झाला होता.

दुष्काळ व सांथ यांनीं जुनी जागा अपुरी ठरविली. नदीच्या वरल्या अंगास सुमारें १७० एकर जमीन मिळवून तेथें नवें रुग्णालय उभारण्याचें त्यांनीं ठरविलें. शस्त्रक्रिया युरोपांतून आलेल्या तरुण डॉक्टरांवर सोंपवून ते स्वतः वर्षाहून अधिक काळ मुकादमासारखे उन्हांत उभे राहिले. रोग्यांसोबत आलेल्या सशक्त माणसांनीं काम करावें व शिधा घ्यावा असा नियम केला. इमारतींबरोबरच रान तोडून फळबाग व शेत धरलें. तेथें इतकें पिकावें कीं चोरीस कारणच उरूं नये, अशी त्यांची इच्छा होती. १९२७ च्या जानेवारींत रोगी होड्यांतून नव्या जागीं आणले. खालीं ओल नव्हती, जमीन फळ्यांची होती. त्या रात्रीं डॉक्टर कंदील घेऊन फिरले, तेव्हां एकेका मच्छरदाणींतून रोगी त्यांस झोपडी चांगली आहे म्हणून सांगत होते.