शकुंतलेची शिट्टी

गाडीचं नाव शकुंतला एक्सप्रेस. त्यातलं 'एक्सप्रेस' कोणी चिकटवलं, देव जाणे! अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर, आणि वेळ चार तासांच्या आसपास.

रूळ अडीच फुटांचे. किलिक निक्सन या विलायती कंपनीनं ते टाकले वऱ्हाडच्या कापसासाठी. कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, तिथून मुंबई, पुढे बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्या. आणि शकुंतला ओढणारं झेडडी जातीचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच! बांधणी १९२१ची, १९२३ला कामावर रुजू. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, पण ही लाइन कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी मात्र मध्य रेल्वेनं चालवायची.

मी अंजनगाव सुर्जीचा, आईचं माहेर मूर्तिजापूर. दिवाळीनंतर आम्ही शकुंतलेनंच जायचो. मी खिडकीबाहेर डोकावलो की आई ओरडे, "मुंडकं अंदर घे ना बाप्पा!" तोवर कोळशाचा कण डोळ्यात गेलेला असे. मग पदराचं टोक, तोंडाची वाफ आणि एक धपाटा. पुढं पुढं स्टेशनांवर माणूसच नसे. गार्डच तिकिटं देई.

१५ एप्रिल १९९४ला ते इंजिन निवृत्त झालं, डिझेल आलं. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. पांढरा सदरा पांढरा राहणार होता. आईला तेव्हा मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नव्हतं. घड्याळ तिच्या उपयोगाचं नव्हतं. शिट्टी ऐकू आली की ती चुलीकडे वळायची. डिझेलचा भोंगा ऐकून म्हणाली, "हे तं ट्रकसारखंच वाजते. आता मले कसं समजन गाडी आली तं?" मी हसण्यावारी नेलं. पुढे तिच्या सैपाकाच्या वेळा चुकू लागल्या, तेव्हा हसू आलं नाही.

नंतर डिझेलची गाडीही थांबली. रुळांत गवत वाढलं. मूर्तिजापूरला मामेभावाकडे आता एसटीनं जातो, आणि तिकिटाचे पैसे मोजताना मजुरी करणाऱ्या बाया शकुंतलेचं भाडं काढतात. ब्रॉडगेज व्हावी, या निवेदनावर मीही सही केली आहे. सही करताना शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "शिट्टी राहीन का तिले?"