मोबाइलमधली माणसं गेटवर येतात तेव्हा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या जानेवारीत आपल्या गेटवर एक गाडी थांबली, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली सहा माणसं उतरली, आणि वॉचमनने रजिस्टर पुढं केलं. 'कोणाकडे' लिहून झालं, 'नातं' या रकान्यात मी लिहिलं, मित्रमंडळी. तो म्हणाला, "आजी, यांना तर तुम्हीच काल पहिल्यांदा बघितलं!" पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्या दोन दिवसांबद्दल बऱ्याच जणींनी जिन्यात विचारलं होतं, म्हणून आज सगळ्यांनाच सांगते.

2020 च्या लॉकडाउनमध्ये मी गच्चीवरून पक्ष्यांचे फोटो काढायला लागले. एकीने व्हॉट्सअॅपवरच्या पक्षी ओळखण्याच्या ग्रुपमध्ये घेतलं. सोलापूरच्या ताई, बेळगावचे एक सर, डोंबिवलीच्या दोघी बहिणी, इंदूरची एक मराठी सूनबाई आणि पैठणचे काका. आमच्या तरुणपणी पत्रमैत्री असायची, उत्तराला पंधरा दिवस लागायचे. इथे सकाळी सातला फोटो टाकला की चहा उकळेपर्यंत नाव हजर.

भेटायचं ठरलं तेव्हा पुण्याहून मुलाचा फोन. "आई, ओळख ना पाळख, घरी कसली बोलावतेस?" त्याचं म्हणणं वावगं नव्हतं, पेपरात आपण वाचतोच. म्हणून आधी सगळ्यांशी व्हिडिओ कॉल केले. पैसे कोणी कोणाकडे आगाऊ द्यायचे नाहीत, ज्याचा त्याने खर्च करायचा. पहिली भेट घरात नाही, नाशिकरोडला मिसळीच्या हॉटेलात, भर वर्दळीत. गाडीचा नंबर मुलाकडे. तुमच्यापैकी कोणी असं भेटणार असेल तर एवढं जरूर करा.

त्याच कॉलवर काकांनी एक गोष्ट सांगितली. ते ग्रुपवर नेहमी म्हणायचे, "फोटो राहू द्या, आवाज पाठवा." आम्हाला वाटायचं, म्हातारपणाची लहर. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. फोटो आला की नात वर्णन करून सांगायची. त्यांनी विचारलं, "मी आलो तर तुमची अडचण होईल का? खरं सांगा." मिनिटभर कोणी बोलेना. मग सोलापूरच्या ताई म्हणाल्या, "काका, आम्हाला निम्मे आवाज ओळखता येत नाहीत. तुम्ही आला नाहीत तरच अडचण."

पहिल्या दिवशी सिन्नरला गोंदेश्वर केलं. यादवकाळातलं पंचायतन, मधलं मोठं देऊळ महादेवाचं, भोवती चार लहान. बाकीचे फोटो काढत होते, काका दगडावरची नक्षी बोटांनी बघत होते. त्र्यंबकची गर्दी टाळली.

दुसऱ्या दिवशी अंधारातच नांदूरमध्यमेश्वर. बी विंगमधला आपला एक मुलगा मदतीला आला होता, गाडीच्या कामापुरता. आपण निफाड म्हटलं की द्राक्षं म्हणतो, पण गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजी अमलात बांधलेल्या त्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं झाली, पाणवनस्पती माजली, आणि पक्ष्यांची चंगळ झाली. 1986 साली अभयारण्य जाहीर झालं, आणि पुढे रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. इतक्या जवळ राहून आपल्यातले किती जण गेलेत, हात वर करू नका, मला माहीत आहे!

चापडगावच्या मनोऱ्यावर त्या मुलाने काकांचा हात धरून एकेक पायरी चढवली. धुकं असं, की आमच्या भारी दुर्बिणी फुकट. काका कठड्याला धरून उभे. म्हणाले, "डावीकडे चक्रवाक. उडतायत." आम्ही धुक्याकडेच बघतोय. "जवळच्या गवतात जांभळी पाणकोंबडी, भांडतायत दोघी. आणि हे वारकरी." काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून त्या पक्ष्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात. अर्ध्या तासाने ऊन आलं, धुकं उठलं, आणि सांगितल्या जागी सगळे होते. बेळगावच्या सरांनी वही मिटून खिशात घातली. मग आम्ही एकेकाने काकांना रंग सांगायला घेतले. चक्रवाकाचा रंग कसा सांगायचा यावर डोंबिवलीच्या बहिणींचं जुंपलं. एक म्हणे विटकरी, दुसरी म्हणे पिकल्या संत्र्याचा. काका म्हणाले, "डोळे होते तेव्हा मला तो भाजलेल्या रव्यासारखा वाटायचा."

दुपारी जेवायला इथे, याच हॉलमध्ये. कमिटीने भाडं घेतलं नाही, हे जाहीर सांगते. भरीत पहिल्या मजल्याचं, बाजरीच्या भाकरी समोरच्या वहिनींच्या, ठेचा कोणाचा ते अजून कळलं नाही. काकांनी विचारलं, "ही सारखी घरघर कसली?" थर्मलची, म्हटलं. 210 मेगावॉटचे तीन संच. आमचे हे तिथेच नोकरीला होते, आपल्याला तो आवाज ऐकूच येत नाही आता. काका म्हणाले, "मला रात्री झोप छान लागेल इथे." संध्याकाळच्या गाडीचं तिकीट होतं, तरी एक दिवस राहिले.

बी विंगच्या त्या मुलाने पहिल्या पगारातून दुर्बीण घेतली आहे. या फेब्रुवारीत सोलापूरच्या ताईंनी नान्नजला बोलावलंय. माळढोक दिसेल याची खात्री त्या देत नाहीत, काळवीट मात्र म्हणतात भरपूर. गाडीत चार जागा शिल्लक आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारपर्यंत माझ्याकडे नाव द्यावं. आणि ठेचा ज्यांनी केला होता, त्यांनी तर यायचंच आहे.