सुपाचा हिशेब

शिळफाट्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आपल्याला यंत्र नवं नाही. खोपोलीत टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, मागून कारखाने आले. आता कारखान्यातही माणसाचं काम मशीन करतं. मग हातानं सूप विणणाऱ्या बाईनं काय करायचं?

आमच्या गटातल्या एक मावशी सासूकडून हे काम शिकल्या. गेल्या वर्षी बाजारात त्यांची सुपं पडून राहिली. शेजारी प्लास्टिकची सुपं निम्म्या भावात खपत होती. आम्हीच म्हणालो, "मावशी, सोडा आता. पापड लाटायला या." त्या काही बोलल्या नाहीत. कोयता तेवढा पत्र्याखाली खोचून ठेवला.

भात झोडायच्या दिवसांत दोघी-तिघी फाटलेली सुपं घेऊन आल्या. प्लास्टिकचं सूप उन्हानं तडकलं की फेकावं लागतं. बांबूचं सूप पुन्हा बांधता येतं. तेव्हा आम्ही वही काढून बसलो. बांबूचे पैसे, गाडीभाडं, कामट्या काढायचा वेळ, विणायचा वेळ. कळलं की मावशी कित्येक वर्षं आपली मजुरी न धरताच सुपं विकत होत्या. आणि आम्ही रोज पासबुकाचे हिशेब लिहिणाऱ्या, त्यांचा हिशेब कधी मांडलाच नव्हता!

आता लग्नसराईची सुपं-टोपल्या आगाऊ पैसे घेऊन करतो. दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतो. रोजच्या वापराला अजूनही पुष्कळजणी प्लास्टिकच घेतात, ते खरंच आहे. पण कोयता पत्र्याखालून निघाला आणि सून शेजारी बसून शिकतेय.

ताईंनो, १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात १८ कामं आहेत. टोपल्या विणणं, शिवणकाम, कुंभारकाम, गवंडीकाम त्यात येतं. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजानं. आधार कार्ड घेऊन सीएससी केंद्रात चौकशी करा.

एक मात्र ध्यानात ठेवा. एका घरातून एकाच माणसाला लाभ मिळतो. विणते बाई, विकायला जातो नवरा, आणि कागदावर नाव कुणाचं पडतं? ज्या हातांत कला आहे, तिचंच नाव लिहा. घरात हे आजच बोला.

येतो आम्ही. राम राम.