गुडघ्यातील तुटलेली दोरी आणि पायाचा तोल
(ज्ञातिमंडळाच्या कोपर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय समुद्राएवढा, मी त्यातील एक दोरी तेवढी हाती घेतो. ही दोरी गुडघ्यातील आहे. चढाईला गेलेला गडी एकाएकी वळतो, पाऊल मातीत रुतून राहते, अंग फिरते, आणि नडगीला पुढे सरकू न देणारा अस्थिबंध तुटतो. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले, तेव्हापासून या खेळावर कित्येक घरांनी मुलांच्या नोकरीची आशा ठेवली आहे. म्हणून हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नव्हे.

तुटलेला बंध शिवून क्वचितच टिकतो. त्याच्या जागी शरीरातीलच दुसरी कंडरा बसवावी लागते. 1917 साली ब्रिस्टॉलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरील पडद्याची पट्टी वापरली. आज निवड बहुधा तिघींत होते. वाटीखालची कंडरा बळकट, परंतु ती काढल्यावर गुडघे टेकताना पुढे दुखू शकते. देवापुढे व शेतात गुडघे टेकणाऱ्याने याचा विचार करावा. मांडीमागची कंडरा सर्वांत परिचित. मात्र नडगीला मागे ओढणारा तो स्नायू त्या बंधाचा सखाच असतो, आणि त्याचे बळ काही अंशी उणावते.

तिसरी अलीकडे आपल्याकडे पुष्कळ वापरली जाते. ती पोटरीच्या बाहेरून उतरते, घोट्यामागून वळते आणि तळपायाखालून अंगठ्याच्या हाडाच्या मुळाशी पोचते. पाऊल आत मुरगळू लागले की त्यास बाहेर खेचणे हे तिचे काम. मग गुडघ्यासाठी घोटा अधू करावयाचा काय, असे आईवडील विचारतात. प्रश्न रास्त आहे. तथापि तिच्या शेजारी तेच काम करणारी धाकटी कंडरा शाबूत राहते, व उरलेले टोक तिला शिवतात. बहुतेक रुग्णांचा घोटा पुढे जवळजवळ पूर्ववत चालतो असे अभ्यासांत दिसते. काहींत पाऊल बाहेर वळविण्याचा जोर थोडा कमी आढळतो.

परंतु खरी गोम तोलात आहे. मूळ बंधात मज्जातंतूंची टोके असतात; सांधा कोठे आहे हे ती मेंदूस कळवितात. नव्या बंधाला हे ज्ञान प्रथम नसते. तेव्हा तोल सांभाळण्याचा भार घोट्यावर येतो, आणि त्याच घोट्यातून आपण कंडरा उसनी घेतलेली असते! कोपर स्थानकात वसई-दिवा मार्गाच्या वरच्या फलाटावरून खाली उतरताना प्रत्येक पायरीस क्षणभर एकाच पायावर उभे राहावे लागते. कबड्डीत तर प्रतिपक्षाचा हात घोट्यावरच पडतो. माझ्या मते ज्याचा पाय वारंवार मुरगळतो, त्याने हे शल्यवैद्यास शस्त्रक्रियेपूर्वीच सांगून दुसरी कंडरा निवडावी.

घरच्या मंडळींना खर्च व टाके यांचीच चिंता अधिक. कंडरा कोठून घेणार, आणि त्या अवयवाचा व्यायाम कोण शिकविणार, हेही विचारावे. भौतिकोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने, भिंतीजवळ, एका पायावर उभे राहण्याचा सराव महिनोगणती चालावा. नऊ महिन्यांपूर्वी मैदानात उतरू नये. त्यानंतरही दोन्ही पायांचे बळ तपासूनच. आणि मैदानाच्या कडेला बसलेल्या काकांनी तोवर ‘उतर की रे आता’ असे ओरडू नये, ही माझी हात जोडून विनंती.