निर्मनुष्य स्थानकाचा हिशेब

(दिघा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावर क्यू-शिराताकी नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक होते. तेथे ना स्टेशनमास्तर, ना तिकीटखिडकी. जपानमधील अशा आडमार्गांवर प्रवासी गाडीत चढताना क्रमांकाची चिठ्ठी घेतो आणि उतरताना चालकाशेजारच्या पेटीत भाडे टाकतो. एका शाळकरी मुलीच्या नित्याच्या प्रवासामुळे या स्थानकाचे नाव जगभर झाले. मार्च २०१६ मध्ये ते बंद झाले. वृत्तपत्रांना त्यात माणुसकीची गोष्ट दिसली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र ते बंद का पडले, हे विचारले पाहिजे.

तेथील वस्ती ओसरत होती, हे खरेच. परंतु त्याआधी, १९८७ साली, जपानी राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन होऊन सहा प्रादेशिक प्रवासी कंपन्या व एक मालवाहतूक कंपनी अस्तित्वात आली होती. टोकियो-ओसाकाकडील भरघोस उत्पन्नाचे मार्ग इतरांकडे गेले. होक्काइडोच्या वाट्याला विरळ वस्ती आणि बर्फ आले. तूट भरून काढण्यासाठी दिलेल्या निधीचे उत्पन्न व्याजदर घसरताच आटले. म्हणजे स्थानक बंद होण्यापूर्वीच, संपन्न मार्गाने दुबळ्या मार्गाला पोसण्याची व्यवस्था मोडीत निघाली होती.

आपल्याकडील अनेक 'हॉल्ट'वरही रेल्वेचा नोकर नसतो. कमिशनवर नेमलेला स्थानिक माणूस तिकिटे विकतो. उतारू थोडे, तर त्याची मिळकतही थोडी. रेल्वेच्या वहीत पगाराची बचत दिसते. वस्तुतः तोट्याचा भार एका गरिबाच्या खांद्यावर सरकलेला असतो. १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या. केवळ नफ्याच्या कसोटीवर तो निर्णय कधीच झाला नसता.

दिघ्याची कथा याच्या नेमकी उलट आहे. ठाणे-वाशी मार्गावर २००४ पासून उपनगरी गाड्या धावू लागल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राबणाऱ्या दिघेकरांच्या दारावरून त्या न थांबता जात. दिघा गाव स्थानक २०२३ मध्ये बांधून तयार झाले, तरी उद्घाटनाची वाट पाहत तिष्ठत राहिले. १२ जानेवारी २०२४ रोजी ते खुले झाले. होक्काइडोत स्थानकावर कोणी नसताना गाडी थांबत होती. येथे माणसांची एवढी दाटी असून ती थांबत नव्हती! त्या महिन्यांत ऐरोली वा ठाणे गाठण्यासाठी कामगारांनी मोजलेले रिक्षाभाडे आणि वाया घालवलेले तास कोणत्याही जमाखर्चात सापडणार नाहीत.

तो जमाखर्च आता आपणच मांडला पाहिजे. तिकीटखिडकी किती वेळ उघडी असते, रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रियांसाठी दिवे व पहारा आहे काय, पिण्याचे पाणी मिळते काय, याची नोंद प्रत्येक शाखेने ठेवावी. ऐरोली-कळवा उन्नत मार्गाच्या आड झोपड्या येतात, असे सांगितले जाते. तो मार्ग व्हावा, ही मागणी आपण जरूर करावी. मात्र त्या कुटुंबांचे पुनर्वसन आधी झाले पाहिजे, हेही तितक्याच निक्षून सांगावे. गाडीची गरज असलेल्या माणसाला बेघर करून त्याच्यासाठीच स्थानक बांधले, असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.