कागदावरचे नाव



दंगली शमल्या म्हणजे शांतता प्रस्थापित झाली, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु घरादाराला पारखी झालेली स्त्री ज्या छपराखाली आसरा घेते ते कायद्याने कोणाचे, हा प्रश्न त्यानंतरच उभा राहतो.

कलकत्त्याच्या उत्तरेस असलेल्या डमडमच्या परिसरात 1947 च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. महानगराभोवतीच्या अशा अनेक वसाहतींत पडीक जमिनीवर रातोरात झोपड्या उभारल्या जात. जमीनमालकांची माणसे वा पोलीस चालून आले, की स्त्रिया शंख फुंकून इशारा देत आणि हाती विळ्या घेऊन आघाडीस उभ्या राहत. 31 डिसेंबर 1950 पूर्वी वसलेल्या निर्वासितांना पर्यायी सोय होईपर्यंत हुसकावून लावू नये, असे संरक्षण पश्चिम बंगालच्या 1951 च्या कायद्याने दिले. त्यामागे या स्त्रियांच्या झुंजीचाही वाटा होता.

तथापि शासनाच्या दप्तरी स्त्रीची ओळख निराळी होती. पुनर्वसनाचा घटक कुटुंब, आणि कुटुंबाचा प्रमुख पुरुष. ज्या स्त्रीमागे कमावता पुरुष नव्हता, तिची नोंद ‘कायमचा भार’ या वर्गात होई आणि तिची रवानगी छावणीत वा आश्रमात केली जाई. विळी घेऊन उभी राहणारी स्त्री आणि हा ‘भार’ एकाच समाजातील होत्या. अंतर होते ते केवळ पुरुषाच्या असण्या-नसण्याचे.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला व मुलीला मुलाबरोबरीचा वाटा दिला. परंतु वाटा मागावा अशी शेते आणि घरे सीमेपलीकडे राहिली होती. त्यांची भरपाईही मिळण्याजोगी नव्हती, कारण 1954 चा नुकसानभरपाईचा कायदा पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांपुरताच होता. हक्क हाती आला, पण तो ज्यावर चालवावा ती वस्तूच उरली नाही.

हाच धडा पुढे आफ्रिकेतही मिळाला. रुआंडात 1994 च्या नरसंहारानंतर असंख्य विधवा व अनाथ मुलींवर शेती सांभाळण्याची वेळ आली. रूढीने मात्र जमीन पुरुषांकडेच जात असे. 1999 च्या कायद्याने तेथे मुलींना मुलांप्रमाणे वारसा मिळाला.

संकटात स्त्रीच्या धैर्याचे गोडवे गाणे सोपे असते. संकट सरल्यावर जमिनीच्या कागदावर तिचे नाव लिहिले जाते काय, यावरून त्या समाजाच्या शांततेची पारख करावी.