डिकीतला ढोल
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



सेक्रेटरी म्हणाले, 'तुमच्या छंदाबद्दल बोला.' अहो, तो तर सगळ्यांनी ऐकलाच आहे, तोही रात्री!

एसयूव्हीत १० इंची सबवूफर हवा होता, पण डिकीतली जागाही घालवायची नव्हती. म्हणून चाकावरच्या कोपऱ्यात मास्किंग टेप चिकटवून त्यावर फायबरग्लास मॅट आणि रेझिनचे थर दिले. पुढून १८ मिलिमीटर एमडीएफची फळी. आत जागा किती, हे मोजायला पिशवी घालून घरचे गहू ओतले. भरले २० लिटर! बंद खोक्यात आतली हवाच स्प्रिंगसारखी काम करते. फट राहिली तर मजा गेली, म्हणून सगळे सांधे सिलिकॉनने बुजवले. वरून गाडीच्याच रंगाचं कार्पेट.

खोकं लपलं, आवाज मात्र लपेना. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ७ मीटर. भिंत तिला फारशी अडवत नाही. पार्किंगच्या वरच राहणाऱ्या काकू तेव्हा नुकत्याच ऑपरेशन होऊन घरी आल्या होत्या. त्यांनी कमिटीकडे तक्रार केली नाही. जिन्यात भेटल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुझं गाणं छान असेल रे, पण मला नुसती धडधडच ऐकू येते."

दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डखाली एक बटण बसवलं. गेटच्या आत सबवूफर बंद! सगळ्या कामात सर्वांत स्वस्त वस्तू तीच, आणि सर्वांत मोलाचीही.

काकू, समोरच बसला आहात. येत्या रविवारी गाडीतून एक फेरी मारू. गाणं पूर्ण ऐकवतो.